बदकांसाठी एक तिकीट

अमेरिकेच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात हिमयुगाने मागे ठेवलेली असंख्य उथळ तळी आहेत. बदकांच्या अनेक जाती काठच्या गवतात अंडी घालतात आणि पिले पाण्यावर वाढवतात. म्हणून तळ्याबरोबर गवतही राखावे लागते. झाडेझुडपे माजू नयेत यासाठी ते ठरवून, देखरेखीखाली जाळतात. १९५८ पासून सरकार अशा जमिनी मुख्यतः ‘डक स्टॅम्प’च्या पैशातून विकत घेते. हे तिकीट १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना सक्तीचे आहे. या जमिनींवर शिकारीला मुभा आहे, तशीच पक्षिनिरीक्षणालाही.

वाचकहो, मी जैन आहे. शिकार मला कधीच पटणार नाही. पण नुसते न मारल्याने घरटे वाचत नाही. ते २५ डॉलरचे तिकीट बंदूक नसलेल्यालाही घेता येते.