कॅट म्हणजे मांजर

आम्हाला इंग्रजी पाचवीत भेटली. खालापूर तालुक्यातली कौलारू शाळा, बाहेर भातखाचरांत आवणी चाललेली, आणि वर्गात गुरुजींच्या मागोमाग आमचा एकच सूर: सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर, एम-ए-टी मॅट, मॅट म्हणजे चटई. गुरुजी एकदा म्हणायचे, आम्ही दोनदा. स्पेलिंग, उच्चार, अर्थ असा तिन्हीचा घोट एका दमात. वर्ष संपेपर्यंत दोनेकशे शब्द तोंडपाठ झाले, पण कॅट, रॅट आणि मॅट एकमेकांशी जुळतात हे कधी कानाला जाणवलंच नाही. मध्ये दर वेळी मांजर, उंदीर आणि चटई येऊन बसायची. अर्थ हाती लागला, यमक ऐकूच आलं नाही.

पुढे मी याच भागात, आधी खालापूर आणि मग कर्जत तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवलं. निवृत्त झाल्यावर जुन्या टाचणवह्या चाळताना लक्षात आलं की इंग्रजीचे जुळणारे शब्द हाच माझ्या नोकरीतला सगळ्यात लांब धागा आहे. प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्षी तो कुठे ना कुठे सापडतो. म्हणून हा मागोवा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी आठवीपर्यंत मागे नेली होती. माझ्या वडिलांच्या पिढीला ती मिसरूड फुटल्यावर भेटली. नंतर ती पाचवीला आली आणि तिथे बरीच वर्षं थांबली. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीत आली. त्या वेळचा वाद मी पुन्हा उकरत नाही. पण वाडीवरच्या शाळेत काय घडलं, ते सांगायला हवं. बालभारतीचं नवं पुस्तक चित्रांचं होतं, गाण्यांचं होतं, आधी ऐका-बोला आणि मग लिहा अशा बेताचं होतं. बेत चांगला होता. अडचण एकच: ज्यांनी ते गाऊन दाखवायचं त्या आम्हा शिक्षकांच्या कानावर इंग्रजी गाणं कधी पडलंच नव्हतं. आम्ही सगळे कॅट म्हणजे मांजरवाले.

तरीही आम्ही गायलो. हातवारे शिकलो, उड्या मारल्या. मुलांना ते मनापासून आवडलं, आणि मलाही. आयुष्यात पहिल्यांदा गाण्यातले जिल आणि हिल शेजारी-शेजारी ऐकू आले. पण दुसऱ्या वर्षी एका मुलाला मी सहज विचारलं, "हिल म्हणजे काय रे?" त्याने दोन्ही हात उंच करून बोटं जुळवली. गाण्यात त्या शब्दाला आम्ही तीच खूण ठरवली होती. "ते खरं, पण म्हणजे काय?" त्याने पुन्हा तेच केलं. खिडकीबाहेर माथेरानचा अख्खा डोंगर उभा होता. त्याचा काका नेरळला टॅक्सी चालवायचा आणि दिवसातून दहा वेळा 'हिल स्टेशन' म्हणायचा. गाण्यातली हिल, काकाची हिल आणि खिडकीतला डोंगर अशा तीन गोष्टी त्या पोराच्या डोक्यात तीन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या.

आमच्या वेळी अर्थ होता आणि यमक नव्हतं. आता यमक आलं आणि अर्थ निसटला. ही अदलाबदल आम्ही का होऊ दिली, याची रुखरुख मला अजून आहे.

यमकाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आमच्याकडे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची मुलं असत. त्यांच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर होतं. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगितला तरी त्यांचं अर्धंच काम व्हायचं. त्यातून दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जायची. मुलं परतायची ती उन्हाळा सरताना. मधल्या काळात शिकवलेले अर्थ पुसून गेलेले असत, पण चाल शिल्लक असे. मी "कॅट, रॅट" म्हटलं की भट्टीवरून आलेली पोरगी पुढचं "मॅट" देत असे. त्या एका धाग्याला धरून तिला पुन्हा वर्गात ओढून घेता यायचं.

मग अर्थ आणि यमक एकत्र कुठे मिळणार? मला ते कर्जत स्टेशनवर मिळालं. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रूळ आले, १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी पुण्याकडे निघाली, आणि तेव्हापासून या दोन तालुक्यांच्या तोंडात रेल्वेची इंग्रजी आहे. घाट चढायला गाडीला मागून जोर देणारं इंजिन कर्जतला जोडतात. त्याला इथलं शेंबडं पोरसुद्धा बँकर म्हणतं. उतारावर गाडीचा ताबा सुटला तर तिला अडवायला कॅच साइडिंग असतं, हे रेल्वेतल्या बापाकडून ऐकलेलं पोर वर्गात सापडायचंच. मी फळ्यावर रेल लिहिलं आणि म्हटलं, याच्यासारखे शब्द सांगा, पण तुमच्या घरात बोलले जातात तेच. मेल आलं, जेल आलं, फेल आलं, कपड्यांच्या दुकानातला सेल आला. एकाही शब्दाचा अर्थ मला सांगावा लागला नाही. गार्डला यार्ड आणि रेशनचं कार्ड मिळालं. कॅचला मॅच, बॅच आणि रस्त्यावरचा पॅच मिळाला. फास्टला लास्ट, कारण मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी कर्जत चुकली की काय होतं ते घराघरांत माहीत. पासला क्लास आणि ग्लास. एका मुलीने मग 'फास्ट म्हणजे उपास' हेही आणलं, तिच्या ताईच्या पुस्तकातून. एकाच शब्दात धावणं आणि न जेवणं कसं मावतं यावर वर्ग बराच वेळ बोलत राहिला.

त्या दिवसापासून मी पुस्तकाआधी तोंडातल्या शब्दांची यादी करायला लागले. खोपोलीच्या कारखान्यांतून शिफ्ट आणि लिफ्ट यायचे, वीजघरामुळे वायर यायची आणि तिच्या मागोमाग टायर व फायर. पुढे तालुक्यात फार्महाऊस आणि रिसॉर्ट उगवले आणि यादीत पूल आला. तिथे मात्र गंमत नव्हती, अडचण होती. आमच्या मुलांसाठी पूल म्हणजे उल्हास नदीवरचा. शिवाय मराठीची जीभ 'फूल', 'सून', 'गरीब', 'वकील' अशा शब्दांत शेवटून दुसरा स्वर लांबवते, तसंच शुद्धलेखनाच्या नियमातही आहे. त्यामुळे दारावर लिहिलेला 'ओढा' या अर्थाचा पुल आणि पोहायचा पूल दोन्ही सारखेच ऐकू येतात, भरलेला फुल आणि मूर्ख फूल यांतही फरक उरत नाही, आणि शिपमधून मेंढ्या उतरतात. जिथे इंग्रजीत यमक नाही तिथे आमच्या कानाला यमक ऐकू येतं. ही मुलांची चूक नाही, त्यांच्या मातृभाषेची सवय आहे. हे कळल्यावर माझ्या लाल पेनाची घाई कमी झाली.

लाल पेनावरून आठवलं. मुलं इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहितात. मीही लिहायचे, आणि त्यासाठी बोटांवर पट्टी खाल्ली आहे. शिक्षिका झाल्यावर मीही पहिली काही वर्षं मुलांना ते खोडायला लावलं, याचं मला वाईट वाटतं. कारण इंग्रजी यमक दाखवायला त्या पेन्सिलीइतकं चांगलं साधन आमच्याजवळ नव्हतं. मोरोपंतांच्या मराठीत यमक कानाला ऐकू येतं तसं डोळ्यालाही दिसतं. अक्षर तेच, ध्वनी तोच. इंग्रजीत डोळ्यावर विसंबलं की घात होतो. विल्यम कॅक्सटनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंग हळूहळू छापील साच्यात गोठत गेली आणि उच्चार पुढे सरकत राहिले. रात्रीच्या 'नाइट'मधली जी आणि एच ही अक्षरं एके काळी घशातून खरखरत बोलली जात. आवाज गेला, अक्षरं राहिली. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं तर शेवटी आली की कुठे थ्रू, कुठे दो, कुठे कॉफ, कुठे बाउ, कुठे इनफ. डोळ्याला पाचही सख्खी भावंडं, कानाला एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही. पण खाली देवनागरी लिहा, आणि थ्रू आपोआप ब्लूजवळ जातो, बाउ काउजवळ, इनफ स्टफजवळ. इंग्रजीसाठीच तर आपण ॲ आणि ऑ लिहायला लागलो. बॅट आणि बेट, बॉल आणि बोल यांतला फरक आपली लिपी चोख दाखवते. पश्चिम दिशा आणि बनियन या दोघांनाही ती 'वेस्ट' म्हणते, तिथे मात्र तिचा इलाज चालत नाही.

२०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राची लाट आली. फरशांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर शब्द रंगले, मोबाइल आणि टीव्हीवर गाणी वाजू लागली. मुलांचे उच्चार माझ्यापेक्षा सरस झाले, हे मी आनंदाने मान्य करते. पुढे पहिलीच्या एकात्मिक पुस्तकात मराठीच्या शेजारी इंग्रजी शब्द छापले गेले. अर्थ आणि आवाज पुन्हा एका पानावर आलेले पाहून मला बरं वाटलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली एक वही मी एका मुलीकडून मागून घेतली आहे. मुलगी चौथीतली. आई खालापूरच्या टोलनाक्याजवळ मोसमात करवंदं-जांभळं विकायची. मी फळ्यावर टोल लिहून जुळणारे शब्द मागितले होते. तिने पहिला शब्द लिहिला डॉल. स्पेलिंग पाहिलं तर हुबेहूब, एका अक्षराचा फरक. मी फुली मारली नाही. खाली मराठीत लिही म्हटलं. तिने लिहिलं: टोल, डॉल. दोन्ही हळू वाचले, पुन्हा वाचले, आणि स्वतःच डॉलवर रेघ मारली. मग हजेरीचा रोल आला, रस्त्यातला होल आला, मुलांच्या खेळातला गोल आला, भट्टीचा कोल आला. चारांची स्पेलिंगं तीन तऱ्हांची, ती मी शेजारी भरून दिली.

"बाई, टोल तर घंटेचापण असतो ना? शाळा सुटल्याचा?"

असतो, म्हटलं, आणि इंग्रजीतही घंटेच्या टोलाला टोलच म्हणतात. तिचा विश्वास बसला नाही. मी शब्दकोश उघडून दाखवला. मग तिने यादीत शेवटचा शब्द घातला, बोल, आणि विचारलं, "हा चालेल? बोलायचा तो?"

"इंग्रजीत बोल म्हणजे वाडगा."

वहीच्या त्या पानावर खाली कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक वाडगा आहे. वाडग्यात तिने करवंदं काढली आहेत.