गुडघ्यातलं वंगण

उठता-बसता : लेखांक ६

सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिशीत इथे घर घेतलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत आणि जिना मात्र तेवढाच आहे. नेरुळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोण उतरतंय, हे पावलांवरून कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कठडा धरून, अंग आडवं करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात. परवा हातात एक्स-रेचं पाकीट होतं. म्हणाल्या, "वंगण संपलंय म्हणे. वाट्या बदलून टाकू का गं?"

मागच्या लेखात आपण कंबर पाहिली. आज गुडघा, आणि सुरुवात काकूंच्या या दोन शब्दांपासून.

आधी वाटी. गुडघ्यापुढचं गोल हाड म्हणजे वाटी. ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती असते. वाटी जागच्या जागी राहते. फार तर तिच्या आतल्या बाजूला अस्तर लावतात. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, तेव्हा हे ऑपरेशन घरोघरी माहीत झालं.

आता वंगण. ते संपत नाही. उलट 'गुडघ्यात पाणी झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा तेच वंगण जास्त झालेलं असतं! झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. भांडी घासायचा स्पंज दाबला की पाणी सोडतो आणि सैल केला की शोषतो, तशी ती पायावर भार येता-जाता या द्रवातून आपलं पोषण घेते. म्हणजे 'झिजेल' म्हणून गुडघा नुसता ठेवून दिला, तर आपण तिलाच उपाशी ठेवतो.

दुसरं नुकसान मांडीचं. पुढचा मोठा स्नायू पायरी उतरताना ब्रेकसारखं काम करतो. दुखतं म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून मांडी बारीक, आणि मग सगळा दणका थेट सांध्यावर. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, ही बारीक झालेली मांडी दिसत नाही. म्हणूनच भयंकर एक्स-रेवाला माणूस टुणटुणीत चालतो आणि साध्या एक्स-रेवाला लंगडतो.

मग व्यायामानं ऑपरेशन टळतं का? डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्याजोग्या 100 रुग्णांवर अभ्यास झाला. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं आणि व्यायामही दिला. उरलेल्या 50 जणांना व्यायाम, आहार, गरजेपुरती औषधं वगैरे. वर्षभरात या 50 पैकी 13 जणांनी ऑपरेशन करून घेतलं, बाकीच्यांनी नाही. दुखणं ऑपरेशनवाल्यांचं जास्त कमी झालं, हेही खरं. पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. ऑपरेशन वाईट नाही. फक्त त्याचा नंबर पहिला नाही.

घरी करायचे चार व्यायाम :

१. पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा. मांडी कडक होते. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा.

२. उताणं झोपून एक गुडघा वाकवा. दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे थांबा.

३. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

४. ओट्याला धरून टाचा उचला.

आठवड्यातून तीन-चार दिवस, निदान 12 आठवडे. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पूर्ववत झालं तर प्रमाण बरोबर. वाढलेलंच राहिलं किंवा सूज आली, तर पुढच्या वेळी निम्मं करा.

"मी रोज पाम बीच रोडवर चालतो की," असं पुष्कळजण सांगतात. जरूर चाला, पण सपाट रस्त्यावर मांडीला फारसं जड काम पडत नाही. वजनाचा हिशेब मात्र गमतीचा आहे : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार उतरतो.

गुडघा अचानक सुजला, लाल-गरम झाला, ताप आला, अडकून बसला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. आणि मनापासून व्यायाम करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात फिरणं नको होत असेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. तेव्हाही कमावलेली मांडी उपयोगीच पडते.

काकूंना जिन्यातच एक गोष्ट शिकवली : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. मग म्हटलं, डॉक्टरांना विचारून 12 आठवडे मागून घ्या. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गणपतीच आले की! मोदक वळायला यंदा पाटावर नाही, खुर्चीवर बसते." आणि दोन पायऱ्या उतरून वळून म्हणाल्या, "हात न टेकता उठायचं ना?"

(पुढच्या आठवड्यात : सकाळी उठल्याउठल्या दुखणारी टाच)