फोनचे बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. भांडीकुंडी, कपडालत्ता, पुस्तके ही सोबत नेता येतात. परसातले झाड मात्र मागेच राहते. एका प्रणालीचा स्मार्टफोन सोडून दुसऱ्या प्रणालीचा घेणे, हेही असेच बिऱ्हाड बदलणे होय. काय सोबत येते आणि काय मागे राहते, हे आधी उमगले तर पुढचा पश्चात्ताप टळतो.

आज जगातील बहुतेक सर्व स्मार्टफोन दोनच प्रणालींवर चालतात. ॲपलचा आयफोन २००७ साली बाजारात आला आणि गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली. ब्लॅकबेरी व विंडोज फोन हे शेजारी पुढे उठून गेले. उरलेल्या या दोन वाड्यांची रचना पायापासून भिन्न आहे. एकासाठी रचलेले ॲप दुसऱ्यावर चालत नाही. त्याची निराळी आवृत्ती घ्यावी लागते, आणि पैसे मोजून घेतलेले ॲप बहुधा पुन्हा विकत घ्यावे लागते.

जे सर्वमान्य संकेतांनी साठवलेले असते, ते सहज येते. नावे, नंबर आणि छायाचित्रे यांची गणना त्यात होते. मराठी मजकूरही सुखरूप पोचतो. कारण युनिकोडच्या कोष्टकात ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे आणि तो दोन्ही घरी मान्य आहे. अँड्रॉइड सोडून येणाऱ्यांसाठी ॲपलने २०१५ साली ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप काढले. नवा आयफोन प्रथम सुरू करताना एक सांकेतिक आकडा दाखवतो. तो जुन्या फोनमध्ये भरला की दोन्ही यंत्रे आपसांत वाय-फायने जोडली जातात आणि सामानाची ने-आण सुरू होते.

खरी अडचण येते ती संभाषणांची. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या कोठारात जातो, तर आयफोनवर ॲपलच्या. एकाचे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नाही. आयफोनवरून काही सॅमसंग फोनांकडे ही संभाषणे नेण्याची सोय २०२१ साली झाली आणि अँड्रॉइडवरून आयफोनकडे नेण्याची २०२२ साली. दिवंगत आईने धाडलेले चार शब्दांचे ध्वनिमुद्रण ज्याने जपून ठेवले आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

आयफोन सोडणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. ‘आयमेसेज’ बंद न करता तो निघाला, तर इतर आयफोनधारकांचे संदेश जुन्याच दारी पडत राहण्याचा संभव असतो. नाव कमी करण्याची सोय ॲपलने २०१४ साली संकेतस्थळावरही केली. यूपीआयचे ॲप सिमकार्ड आणि यंत्र या दोहोंशी बांधलेले असल्याने नव्या फोनवर त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते. खात्यांत शिरण्यासाठी लागणारे क्षणोक्षणी बदलणारे आकडे देणारे ॲपही वेळीच हलवावे लागते. म्हणून नव्या घरी सर्व काही मांडून झाल्याची खातरजमा होईपर्यंत जुना फोन पुसू नये, विकूही नये.

भारतात २०११ साली कंपनी बदलूनही मोबाइल नंबर कायम ठेवण्याची मुभा देशभर मिळाली, आणि नंबर कंपनीचा न राहता माणसाचा झाला. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर ग्राहकाची माहिती त्याला सोबत नेऊ देण्याचे बंधन घातले. या दोन्ही गोष्टींमागील तत्त्व एकच आहे: जे घर सोडताना बरोबर नेता येते, तेच खऱ्या अर्थाने आपले. फोन निवडताना त्याची किंमत पाहिली जाते, रूप पाहिले जाते. त्यातून बाहेर पडण्याची वाटही पाहून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.