टीव्हीवरील जुन्या खेळयंत्रासाठी शाळेत खेळ रचणे

आपल्या वर्गातील मुलांच्या घरी, माळ्यावर किंवा जुन्या पेटीत, टीव्हीला जोडावयाचे एखादे खेळयंत्र पडून असण्याचा संभव आहे. मुलांच्या वडिलांनी लहानपणी त्यावर तासन् तास घालविले असतील. ते ह्या यंत्रास 'व्हिडिओ गेम' म्हणत आणि त्यात वरून खुपसावयाच्या चौकोनी डबीस 'कॅसेट' म्हणत. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने 15 जुलै 1983 रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र विक्रीस काढले. त्याच्या हुबेहूब नकला पुढे आपल्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. त्यांच्या कॅसेटवर 'एकात 9999999 खेळ' असे छापलेले असे; प्रत्यक्षात तेच मोजके खेळ पुन्हा पुन्हा येत. मोठ्या संख्यांविषयी शंका घेण्याचा हा पहिला धडा कित्येक मुलांस कोणत्याही शिक्षकावाचून मिळाला.

ह्या यंत्रासाठी नवा खेळ स्वतः रचता येतो. जगभर अनेक हौशी मंडळी असे घरगुती खेळ आजही रचीत असतात. गेल्या उन्हाळी सुटीत विश्रांतवाडीस बहिणीकडे राहावयास गेलो असता तिच्या आळीतील चार-पाच मुलांस घेऊन मी हा उद्योग केला. त्यात आलेले अनुभव व लागलेल्या ठेचा शिक्षकबंधुभगिनींस उपयोगी पडतील, असे वाटते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. त्याचा मेंदू म्हणजे 1975 साली अमेरिकेत निघालेल्या '6502' ह्या प्रक्रियकाचाच एक प्रकार होय. 1984-85 पासून केंद्र सरकारने 'क्लास' ह्या प्रकल्पाखाली काही निवडक शाळांस बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. त्यांतही हाच 6502 होता. तेव्हा शाळेस तो अगदीच परका नाही. मूळ जपानी यंत्रात तो सेकंदास सुमारे 18 लक्ष ठोके घेतो. काम करण्यास त्यास केवळ 2,048 बाइटांची स्मृती मिळते; हा लेखसुद्धा तीत मावणार नाही. खेळाचा कार्यक्रम व चित्रे मात्र कॅसेटमध्ये असतात. साध्या कॅसेटीत कार्यक्रमास 32 किलोबाइट आणि चित्रांस 8 किलोबाइट जागा असते.

ह्या मेंदूस बेरीज व वजाबाकी येते. गुणाकार व भागाकार येत नाहीत. हे ऐकून आळीतील मुलांस फार आनंद झाला. दहाने गुणावयाचे असेल तर संख्या दुप्पट करून बाजूस ठेवावी लागते, ती आणखी दोनदा दुप्पट करून आठपट मिळवावी लागते, आणि मग दुप्पट व आठपट ह्यांची बेरीज घ्यावी लागते. ज्या मुलास दहाचा पाढा केवळ पाठ आहे, त्यास तो पाढा का जुळतो, हे ह्या खटाटोपात दिसते.

आता चित्रांकडे वळू. वर्गात सर्वाधिक उपयोगी भाग हाच, व त्यास वीजही लागत नाही. पडद्यावर आडवे 256 आणि उभे 240 ठिपके असतात. परंतु यंत्र एकेक ठिपका मांडीत नाही. ते 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे फरशीप्रमाणे बसविते. आडव्या 32 व उभ्या 30 फरशा, म्हणजे पडदाभर 960 फरशा झाल्या. कॅसेटमध्ये मात्र फरशांचे नमुने एकूण 512, त्यांपैकी पार्श्वभूमीस सामान्यतः 256. एक नमुना वाटेल तितक्या ठिकाणी लावता येतो. म्हणूनच जुन्या खेळांतील ढग व झुडपे एकसारखी दिसतात.

आलेखवहीच्या कागदावर 8 बाय 8 चा चौकोन आखून द्यावा. मुलांनी प्रत्येक घरात 0, 1, 2 किंवा 3 ह्यांपैकी एक अंक लिहावा. 0 म्हणजे पार्श्वभूमीचा रंग व उरलेले तीन अंक म्हणजे तीन रंग. नंतर दोन कोरे चौकोन घ्यावेत. पहिल्यात जेथे 1 किंवा 3 असेल तेथे खूण करावी, दुसऱ्यात जेथे 2 किंवा 3 असेल तेथे. प्रत्येक आडव्या ओळीतील घरांस डावीकडून 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1 अशा किमती द्याव्यात व खूण असलेल्या घरांची बेरीज करावी. शिरोरेषेची ओळ पूर्ण भरली की बेरीज 255 येते. तिच्याखाली फक्त उजवीकडून तिसरे घर भरलेले असेल तर बेरीज 4. अशा आठ-आठ बेरजा दोन चौकोनांच्या मिळून सोळा झाल्या, की एक नमुना तयार झाला. ह्या सोळा संख्याच कॅसेटमध्ये जातात. चवथीच्या मुलास जे बेरजेचे काम कंटाळवाणे वाटते, तेच आपण काढलेला झेंडा पडद्यावर यावा म्हणून तो तीनदा तपासतो, हे मी पाहिले आहे.

आमच्या खेळाचा विषय मुलांनीच सुचविला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडी ह्या मार्गाने पुण्यास येते. तोच मार्ग पडद्यावर आणावयाचा, आणि प्रत्येक गावी वारकऱ्यास एक हिशेब घालावयाचा: इतक्या दिंड्या, दर दिंडीत इतके टाळकरी, तर टाळ किती.

लागलीच अडचण आली ती देवनागरीची. इंग्रजी अक्षर एका फरशीत सुखाने बसते. आपले अंकही बसतात. परंतु वेलांटी, मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरे ह्यांसह देवनागरी अक्षर वाचनीय करावयाचे, तर चार फरशा लागतात. 34 व्यंजनांची बाराखडी धरली तर 408 अक्षरे, म्हणजे 1,632 फरशा. आणि आपल्याजवळ 256. तेव्हा आधी शब्द ठरवावयाचे व त्यांतील अक्षरे तेवढीच काढावयाची, असा मार्ग आम्ही धरला. 'आळंदी', 'दिघी', 'विश्रांतवाडी' व 'पुणे' ह्यांची मिळून बारा अक्षरे, म्हणजे 48 फरशा. 'श्रां' काढण्यास दोन दिवस गेले. शुद्धलेखनास कंटाळणारा एक मुलगा 'दिघी'तील पहिली वेलांटी ऱ्हस्व व दुसरी दीर्घ का, ह्यावर इतरांशी हुज्जत घालू लागला. दीर्घ वेलांटीस जागा अधिक लागते की काय, ही त्याची खरी चिंता होती.

हलणाऱ्या आकृतींचा नियम निराळा आहे. अशा आकृती पडद्यावर एका वेळी 64 चालतात. परंतु एका आडव्या ओळीत आठांहून अधिक दिसत नाहीत. आमचा वारकरी 16 ठिपके रुंद, म्हणजे दोन आकृतींचा. पाच वारकरी एका ओळीत चालू लागताच पाचवा अदृश्य झाला. उपाय असा की, दर चित्रास त्यांचा क्रम बदलावा, म्हणजे प्रत्येकजण आळीपाळीने लपतो व डोळ्यास सर्वच किंचित लुकलुकताना दिसतात. मुलांनी तो नाकारला व दिंडी चारांचीच केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. पडदा रेखाटला जात असताना चित्रात फेरबदल करता येत नाही. एक चित्र संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी जी अल्पशी उसंत मिळते, तीतच तो उरकावा लागतो. मूळ यंत्रात ही उसंत सुमारे 2,270 ठोक्यांची असते. मुले वहीत मान घालून बसलेली असताना फळा पुसून नवे उदाहरण लिहावे, तसेच हे आहे.

माझी चूक मात्र ह्यापैकी कशातही नव्हती. ती हिशेबात होती. प्रत्येक बरोबर उत्तरास मी 10 गुण ठेविले व एकूण गुण एकाच बाइटात साठविले. एका बाइटात 0 ते 255 एवढ्याच संख्या मावतात. पाचवीतील एका मुलीने न चुकता 26 उत्तरे दिली. 250 गुणांनंतर पडद्यावर 260 यावयाचे, ते 4 आले. तिने काही न बोलता रिमोट खाली ठेविला. आपण चुकलो असेच तिला वाटले. यंत्र किंवा ते शिकविणारा चुकेल, ही शंका तिला शिवली नाही. मला त्या 4 पेक्षा ह्याचेच अधिक वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे घड्याळ ठेवून विचारले की, 11 वाजल्यानंतर 3 तासांनी 14 का वाजत नाहीत. थोड्या वेळाने तिनेच सांगितले, "260 मधून 256 गेले, उरले 4." नंतर एकक, दशक व शतक ह्यांस स्वतंत्र बाइट देऊन हातचा पुढे नेण्याची रीत आम्ही घातली. तो हातचा कसा न्यावयाचा, हे तिने सांगितले व मी टंकित केले.

साधनांविषयी थोडक्यात. खेळ असेम्ब्ली भाषेत किंवा 'सीसी65' ह्या विनामूल्य साधनाच्या साहाय्याने सी भाषेत लिहिता येतो. त्याची चाचणी 'एफसीईयूएक्स' अथवा 'मेसेन' ह्या विनामूल्य कार्यक्रमांनी शाळेतील साध्या संगणकावर होते. ते कार्यक्रम जुन्या यंत्राची नक्कल करतात. प्रत्यक्ष यंत्रावर खेळावयाचे असल्यास पुनःपुन्हा लिहिता येणारी कॅसेट मिळते. ती घेताना आपल्या यंत्राची खाच 60 पिनांची की 72 पिनांची, हे पाहून घ्यावे. ज्या यंत्रात खाचच नाही व खेळ आतच भरलेले आहेत, ते ह्या कामी निरुपयोगी. कंपन्यांचे जुने खेळ उतरवून मुलांस देऊ नयेत. ते त्यांच्या मालकांचे आहेत.

ही कल्पना काही माझी एकट्याची नव्हे. 2009 च्या सुमारास 'प्लेपॉवर' नावाच्या गटाने अशाच स्वस्त यंत्रांसाठी शैक्षणिक खेळ रचण्याचे काम हाती घेतले होते. शिवाय 40 किलोबाइटांत किती मावते, हे पाहावयाचे असेल तर 2019 साली जर्मनीतील एका लहान गटाने काढलेला 'मायक्रो मेजेस' हा खेळ पाहावा. तो चौघांस एकत्र खेळता येतो.

आमचा खेळ सध्या पुण्यास येऊन थांबतो. मुलांस तो पंढरपुरापर्यंत न्यावयाचा आहे. 'पंढरपूर' ह्या शब्दास नव्या चार अक्षरांच्या सोळा फरशा हव्यात, आणि शिल्लक आहेत अकरा. झाडाच्या चार व विहिरीच्या सहा फरशा काढून टाकाव्यात, असा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षास विहीर हवी आहे.