चादरीखालची गाडी

लहानपणी आमच्या पेठेतल्या एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. फियाटचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण. हेरल्डचं मात्र अख्खं नाक दिवे, मडगार्ड, जाळी सगळं पोटाशी घेऊन पुढे कलंडायचं. रविवारी सकाळी डॉक्टर ते नाक पालथं पाडत, पुढच्या चाकावर बूड टेकत आणि प्लग घासत बसत. चहाचा कप शेजारी चासीवर. आम्ही पोरं भोवती कोंडाळं करून उभी. इतकं उघडं इंजिन मी पुन्हा कुठल्याच गाडीत पाहिलं नाही.

पुढे तीसेक वर्षांनी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, पाने-पक्कडींच्या ढिगात, त्याच गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाती लागलं. पुठ्ठा गेलेला, पानांना ग्रीसचा वास. त्यात गाडीचं एक सुटं करून दाखवलेलं चित्र होतं. नाक वेगळं, मधली कूस वेगळी, मागचा भाग वेगळा, छप्पर वेगळं. आणि हे सगळं खाली एका स्वतंत्र चासीवर बोल्टांनी आवळलेलं. जेवणाच्या डब्याचे पुडे एकावर एक बसवावेत तसं. १९५९ साली, म्हणजे ज्या काळात बहुतेक कारखानदार चासी मोडीत काढून सगळा पत्रा एकसंध वेल्ड करायच्या मागे होते, त्या काळात एका नावाजलेल्या इंग्रज कंपनीने गाडी अशी तुकड्यातुकड्यांनी का बरं केली असेल? या प्रश्नाने मला जी ओढ लावली ती थेट ट्रायम्फ स्पिटफायरपर्यंत घेऊन गेली.

स्वस्तातली जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार कुठली घ्यावी, या प्रश्नाची इंग्लंडातली ठराविक उत्तरं गाड्यांच्या नादी लागलेल्या वाचकाला पाठ असतील. शहाणी माणसं एमजीबी सांगतात. पाच लाखांहून अधिक निघाल्या, त्यामुळे सुटा भाग मिळत नाही असं होत नाही. उंची आणि बजेट दोन्ही कमी असेल त्याला एमजी मिजेट. आणि ज्याला गाडीखाली झोपायचंच नाही त्याने १९८९नंतरची माझ्दा एमएक्स-५ घ्यावी आणि सुखात राहावं. ही उत्तरं बरोबरच आहेत. माझं उत्तर मात्र स्पिटफायर आहे, आणि त्याचं कारण एका भांडणात आहे.

कोव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला स्वतःचा पत्रा दाबण्याचा मोठा कारखाना नव्हता. त्यांच्या छोट्या गाडीचा सांगाडा फिशर अँड लडलो ही कंपनी करून देई. १९५३ साली बीएमसीने, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेल्या प्रतिस्पर्धी संस्थेने, फिशर अँड लडलोच विकत घेतली. ज्याच्या दुकानातून आपण पीठ आणतो ते दुकान शेजारच्या भांडकुदळाने घ्यावं, तशी गत. पुढच्या गाडीचा सांगाडा आता यांच्याकडून मिळणार नाही, हे उघड झालं. अख्खा एकसंध सांगाडा दाबून देईल असा दुसरा कुणी आवाक्यात नव्हता. मग मुख्य अभियंता हॅरी वेब्स्टर याने जुन्या पद्धतीला हात घातला: खाली स्वतंत्र चासी, वर छोटे छोटे तुकडे. असे तुकडे लहान कारखानेही दाबू शकत होते, आणि असे कारखाने कंपनीने पुढे एकेक करून पदरात पाडून घेतले. नाइलाजाला तोड म्हणून काढलेली ही युक्ती होती. पण तिची फळं कुणाच्या ध्यानीमनी नव्हती अशा ठिकाणी लागली.

तुकडे जमले, पण रूप जमेना. कंपनीचा घरचा रेखाटनकार वॉल्टर बेलग्रोव्ह १९५५ साली वरिष्ठांशी बिनसून निघून गेला होता. झोबो या टोपणनावाखाली नव्या गाडीचे जे मातीचे नमुने घरच्या घरी झाले, ते पाहून कुणालाच उत्साह वाटेना. इथे या कथेतलं माझं सर्वांत आवडतं पात्र प्रवेश करतं.

कॅप्टन रेमंड फ्लॉवर. कैरो मोटर कंपनीशी संबंधित हा इंग्रज गृहस्थ इजिप्तसाठी एक छोटीशी गाडी काढायच्या खटपटीत होता. त्यातून फ्रिस्की नावाची चिमुकली गाडी जन्माला आली आणि १९५७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसली. स्टँडर्ड-ट्रायम्फच्या अधिकाऱ्यांशी बोलताना या कॅप्टनने सहज सांगून टाकलं, की नव्या गाडीचा चालता नमुना मी तीन महिन्यांत, तीनेक हजार पौंडांत करून देतो. कोव्हेंट्रीत अशा कामाला याच्या कितीतरी पट वेळ आणि पैसा लागे. हे काम नेमकं करणार कोण, ते मात्र कॅप्टन काही केल्या सांगेना. दलालाची सगळी कमाई त्या एका नावात होती.

ते नाव फुटलंच. तुरिनचा जोव्हानी मिकेलोत्ती. जन्म १९२१चा, पोरवयात स्ताबिलिमेंती फारिना या गाड्यांचे सांगाडे करणाऱ्या पेढीत उमेदवारी करून तयार झालेला आणि पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटलेला. फेरारी, मासेराती, पुढे बीएमडब्ल्यूची ७०० आणि आल्पिनची ए११० ही त्याच्या हातची चित्रं. इतकं असून पिनिनफरिना किंवा बेर्तोनेसारखं त्याचं नाव सामान्य माणसाच्या तोंडी कधी बसलं नाही. तो दुसऱ्यांच्या पाट्यांखाली काम करत राहिला. मोटारींच्या इतिहासाने त्याच्यावर अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९५७च्या उन्हाळ्याअखेर वेब्स्टर सुट्टीसाठी इटलीत गेला आणि वाटेत तुरिनला थांबला. झोबोचं त्रांगडं त्याने मिकेलोत्तीपुढे मांडलं. मिकेलोत्तीने कागद ओढला आणि काही मिनिटांत हेरल्ड काढून दाखवली. त्याच वर्षीच्या नाताळात पहिला नमुना कोव्हेंट्रीत येऊन उभा होता. १९५९च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाडीचं उद्घाटन झालं, तेव्हा कामगारांनी मंचावर प्रेक्षकांसमोर सुटे तुकडे जोडून काही मिनिटांत अख्खी गाडी उभी केली. फिशर अँड लडलोच्या धक्क्याने पदरी आलेल्या उणिवेचीच अशी जाहिरात केली गेली. याला म्हणतात धंदा.

जी गाडी मंचावर जोडता येते ती मद्रासमध्येही जोडता येते. हे आपल्या वाट्याचं फळ. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१पासून हेरल्ड काढायला सुरुवात केली आणि अँबॅसडर-फियाटच्या रांगेत ही तिसरी, जरा नखरेल बाई येऊन बसली. आमच्या डॉक्टरांच्या दारात जे नाक कलंडत होतं, ते इतक्या लांबून आलेलं होतं.

दुसरं फळ स्पिटफायर. १९६०च्या सुमारास मिकेलोत्तीने हेरल्डची चासी आखूड करून, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर साडेएक्याण्णव इंचांवरून ८३ इंचांवर आणून, तिच्यावर एक दोन आसनी उघडी गाडी बसवली. टोपणनाव ‘बॉम्ब’. स्वतंत्र चासी असल्यामुळेच हे इतक्या स्वस्तात शक्य झालं. एकसंध सांगाड्याची गाडी अशी कापून आखूड करायची म्हणजे नवी गाडीच करण्यासारखं. पण तोवर कंपनीचा खजिना आटला होता. बॉम्ब कोपऱ्यात ढकलला गेला आणि त्यावर कापड पडलं.

१९६१ साली ट्रक बनवणाऱ्या लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ ताब्यात घेतली. जुना व्यवस्थापकीय संचालक अ‍ॅलिक डिक याची गच्छंती झाली आणि लेलँडचा स्टॅन्ली मार्कलंड कारखान्यात फिरू लागला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्याला काहीतरी झाकून ठेवलेलं दिसलं. त्याने चादर उचलली. ट्रकवाल्या माणसाला ही दोन आसनी चंगळ आवडावी असं कुणालाही वाटलं नसतं. पण थोड्याच दिवसांत त्याने ती उत्पादनाला मंजूर करून टाकली. इतिहासात अशा चादरी किती न उचलता राहून गेल्या असतील, या विचाराने मी अधूनमधून अस्वस्थ होतो.

१९६२च्या ऑक्टोबरमध्ये ती बाजारात आली. ११४७ सीसी, ६३ अश्वशक्ती. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचं, आणि त्या मानाने अंगात दम बेताचाच. एमजीबी तिच्या महिनाभरच आधीची. पुढची अठरा वर्षं वाचकाला झरझर सांगतो: १९६७ची मार्क ३, १२९६ सीसी, १९७०ला मिकेलोत्तीने पुन्हा शिवून दिलेली मार्क ४, मग १४९३ सीसीची १५००. एकूण ३,१४,३३२ गाड्या. मधल्या काळात ट्रायम्फ आणि एमजी दोघीही ब्रिटिश लेलँडच्या एकाच छपराखाली आल्या आणि १९७४ साली एमजी मिजेटच्या पोटात चक्क स्पिटफायरचं इंजिन बसवलं गेलं. कट्टर एमजीवाल्यांपुढे आजही हा विषय काढू नये. मी मुद्दाम काढतो.

आता तिचा दोष सांगायलाच हवा, कारण तोही हेरल्डकडूनच आलेला. मागची चाकं स्वतंत्र होती खरी, पण स्वस्तात. डिफरन्शियलवर आडवा एकच पाट्यांचा संच घट्ट बसवलेला, आणि प्रत्येक अर्ध्या ॲक्सलला फक्त आतल्या बाजूला सांधा. चाक वर-खाली झालं की कोंबडीच्या पंखासारखं हलायचं. वळणावर जोरात जाऊन घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मागची बाजू उचलली जाई, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडे आणि शेपूट निसटे. १९७०च्या मार्क ४मध्ये यावर उतारा आला: पाट्यांपैकी सर्वांत खालचा तेवढा पक्का, बाकीचे मध्यावर झुलते. त्यामुळे गाडी कलली तरी पाटे चाकाला ढकलेनासे झाले. जुन्या मार्क ३मध्ये हा झुलता संच सहज बसतो, कारण सगळं बोल्टांचंच काम. मी निवडली तर असलीच निवडेन: मार्क ३चं रूप, तिचं गोड फिरणारं १२९६ इंजिन, नीट घडी होणारा टप, आणि मागे मार्क ४चे पाटे.

विकत घेताना मात्र रूपावर जाऊ नये. आपल्याकडे म्हणच आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. स्पिटफायरमध्ये हा मसाला दाराखालच्या पत्र्यात दडलेला असतो. आखूड करताना हेरल्डच्या चासीच्या बाजूच्या फांद्या छाटल्या गेल्या, उरला तो मधला कणा. त्यामुळे दाराखालचे लांबट पेटीसारखे पत्रे हेच गाडीचं बळ. ते आतून गंजले, की गाडी मधून वाकते आणि दार व मागच्या पत्र्यातली फट वर चिंचोळी, खाली रुंद दिसते. म्हणून आधी दाराची फट पाहावी, रंग मागाहून. मग नाक उघडून कुणाला तरी क्लच दाबायला सांगावं आणि इंजिनच्या पुढच्या पुलीकडे नजर ठेवावी. पुली पुढे सरकताना दिसली तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. विकणाऱ्याला नमस्कार करून घरी यावं. ओव्हरड्राइव्ह असेल तर चार पैसे जास्त मोजावेत, नाहीतर महामार्गावर इंजिन ऊर फुटेस्तोवर किंचाळतं.

एवढं पाहून घेतलेली गाडी घरच्या घरी, दोन जॅक आणि पान्यांच्या एका पेटीवर जगवता येते. एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा १९८८पासून विकत मिळतो हे खरं, पण तो विकत घ्यावा लागतो. स्पिटफायरचं तुम्ही आज नाक उतरवा, पुढच्या महिन्यात डिफरन्शियल काढा. पगार येईल तसं काम. शिवाय ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. कोव्हेंट्री-गेडनकडे टाटांच्या जग्वार लँड रोव्हरमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअर पोरांना माझं हेच सांगणं असतं: पहिला बोनस घरात घाला, दुसऱ्याची स्पिटफायर घ्या.

इथे राहणाऱ्याचं गणित वेगळं. वर्षानुवर्षं १९५०पूर्वीच्याच विंटेज गाड्या आयात करता येत. २०२५ साली ती अट सैल होऊन पन्नास वर्षांवरच्या कुठल्याही गाडीला दार उघडलं. म्हणजे मार्क ३ आता नियमात बसते. नोंदणीसाठी २०२१पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिकाही आहे, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. आणि जकात, जहाजभाडं भरून झाल्यावर ‘परवडणारी’ हा शब्द उच्चारायची सोय राहत नाही.

त्यापेक्षा हेरल्ड शोधावी, असं मला वाटतं. इंजिन त्याच घराण्यातलं, नाक तसंच कलंडणारं. भारतात तिचं १९७२ साली ‘गॅझेल’ झालं, तेव्हा मद्रासवाल्यांनी ते पंखासारखे मागचे ॲक्सल काढून सरळ एकजीव ॲक्सल घातला. आपल्या मेस्त्रींना आणि मालकांनाही ती इटालियन-इंग्रजी नजाकत मानवली नव्हती.

मिकेलोत्ती १९८०च्या जानेवारीत वारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेवटची स्पिटफायर कोव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यातून बाहेर पडली. पिवळी, कडक छपराची. ती आता गेडनच्या संग्रहालयात आहे आणि तिला हात लावायची परवानगी कुणाला नाही.

माझ्याकडचं मॅन्युअल मात्र हात लागून लागून काळं झालंय. कार्ब्युरेटरचं पान बऱ्यापैकी मळकं आहे, ब्रेकचं त्याहून थोडं जास्त. पण पुस्तक मिटून कडेने पाहिलं की एकच गडद काळी रेघ उठून दिसते. तिथे नख घालून उघडलं, की मागच्या ॲक्सलचं पान निघतं.