पेशीभोवतीची जाळी

उंदराच्या मेंदूचा ४० मायक्रॉन जाडीचा काप माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. तो बारीक कुंचल्यानेच उचलून एका द्रावातून दुसऱ्या द्रावात सोडावा लागतो, चिमटा लावला तर ओल्या पापुद्र्यासारखा फाटतो. विस्टेरिया नावाच्या जपानी वेलीच्या बियांत एक प्रथिन असतं, ते ठरावीक साखरेच्या साखळ्यांनाच जाऊन चिकटतं. त्या प्रथिनाच्या द्रावात काप रात्रभर थंडाव्यात भिजत ठेवायचा, सकाळी जादा प्रथिन तीन-चारदा धुऊन काढायचं, चिकटून राहिलेल्यावर चमकणारा रंग चढवायचा आणि काप काचेवर सुरकुती न पडू देता पसरून सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा. सगळीकडे अंधुक हिरवट धुकं दिसतं आणि त्यात मधूनच एखादी पेशी झगझगीत उठून येते. खरं तर पेशी काळीच असते, उजळतं ते तिच्याभोवतीचं वेष्टन. ते पेशीच्या अंगाला लगटून बसलेलं असतं, तिच्या फांद्यांवर थोडं अंतर चढतं आणि पुढे विरत जातं. भिंग वाढवलं की त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसू लागतात, आणि त्या भोकांतून इतर पेशींची टोकं आत शिरून या पेशीला भिडलेली असतात. शास्त्रज्ञ याला पेरीन्यूरोनल नेट म्हणतात, म्हणजे चेतापेशीभोवतीची जाळी.

मेंदूविषयी बोलताना आपण चेतापेशी आणि त्यांच्यातल्या जोडण्या एवढंच बोलतो. पण मेंदूच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा पेशींच्या बाहेर आहे, आणि तो नुसत्या पाण्याने भरलेला नाही. वय वाढलं की मेंदू बदलायला नाखूश होतो, आणि ते त्याची ताकद ओसरल्यामुळे होतं असं सहसा धरून चाललं जातं. जाळीचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. स्थैर्य ही मेंदूने स्वतः बांधलेली आणि सतत राखलेली गोष्ट आहे, आणि त्या बांधकामाचा मोठा भाग पेशींच्या बाहेर उभा आहे. जाळी खरीच आहे हे मान्य व्हायला जवळपास शतक लागलं. इटलीच्या कामिल्लो गोल्जींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जाळी पाहून तिचं वर्णन केलं, तेव्हा स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो रंगवण्याच्या प्रक्रियेतून उपजलेला आभास ठरवला. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, पण जाळीच्या वाट्याला उपेक्षाच आली. काहालांची शंका अवाजवी नव्हती. रसायनात बुडवलेल्या मृत ऊतीत द्रव गोठून खोटे आकार खरोखरच तयार होतात. पण साखरेच्या साखळ्या ओळखणारी प्रथिनं आणि जाळीतल्या रेणूंविरुद्धची प्रतिपिंडं हाताशी आल्यावर, वेगवेगळ्या वाटांनी तीच जाळी त्याच पेशींभोवती दिसू लागली. तिथे आभासाचा मुद्दा संपला.

तिची सामग्री ओळखीचीच आहे. चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातींत दिसणारं हायल्युरोनिक आम्ल हा तिचा ताणा, आणि सांधेदुखीच्या गोळ्यांत असतं ते कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रथिनांच्या दांड्यांवर ब्रशच्या केसांसारखं उभं. गुडघ्याच्या कूर्चेला दाब झेलायची ताकद देणारं अॅग्रिकन इथेही मुख्य घटक आहे. हाडाकातड्यात भरपूर असणारे कोलॅजेनचे चिवट धागे मात्र इथे जवळजवळ नसतात, आणि मेंदू इतका मऊ असण्याचं ते एक कारण आहे.

जाळी जन्मतः तयार नसते. ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ मिटून ठेवला, तेव्हा दृष्टीचा मेंदूतला भाग उघड्या डोळ्याच्या ताब्यात गेला. प्रौढ मांजरात तसं घडलं नाही. मुलांच्या ‘आळशी डोळ्या’वर पट्टीचा उपचार लहानपणीच करायची घाई असते ती याचमुळे. ही संवेदनशील मुदत संपत येते त्याच सुमारास दृष्टीच्या भागात जाळ्या पक्क्या होतात, आणि प्राणी अंधारात वाढवला तर दोन्ही गोष्टी लांबतात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हा आक्षेप इथे रास्तच. त्याला २००२ साली उत्तर मिळालं. पित्झोरुस्सो, माफेई आणि सहकाऱ्यांनी प्रौढ उंदरांच्या दृष्टीच्या भागात कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे जिवाणूंपासून मिळणारं एन्झाइम सोडलं. त्याने कॉन्ड्रॉइटिनच्या साखळ्या कापल्या आणि जाळी विस्कटली. मग एक डोळा मिटल्यावर प्रौढ मेंदूही पिल्लाच्या मेंदूसारखा उघड्या डोळ्याकडे झुकला.

तरीही एक शंका उरते. हे एन्झाइम जाळी आणि आजूबाजूचं विखुरलेलं द्रव्य यांत भेद करत नाही, दिसेल ती साखळी कापतं. मग परिणाम जाळीमुळेच झाला कशावरून? २०१० साली कारुल्ली आणि सहकाऱ्यांनी ही गाठ सोडवली. जाळीचे धागे एकमेकांना बांधून ठेवणारं एक छोटं जोड-प्रथिन ज्यांच्या मेंदूत नाही असे उंदीर त्यांनी तपासले. कॉन्ड्रॉइटिनचं एकूण प्रमाण तेवढंच होतं, फक्त त्याची जाळी नीट विणली गेली नव्हती, आणि या उंदरांचा मेंदू प्रौढपणीही बदलता राहिला. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत वजनदार पुरावा आहे. माल गोदामात पडून असणं आणि भिंत उभी असणं, यातला फरक त्याने दाखवला.

जाळी असते ती मोजक्याच पेशींना, मग तिला एवढं महत्त्व का, असंही विचारलं जातं. पण या पेशी कोणत्या ते पाहिलं पाहिजे. मेंदूच्या बाह्यकात जाळी मुख्यतः अतिशय वेगाने संदेश सोडणाऱ्या आणि शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या पेशींना असते. अशी एकेक पेशी आसपासच्या पुष्कळ पेशींची लय ठरवते. २०१८ साली झोन्टहाइमर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की उंदरांतला ग्लायोमा हा मेंदूचा कर्करोग आसपासच्या जाळ्या विरघळवतो. जाळी गेली की पेशीच्या पडद्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता वाढते, पेशीचा वेग मंदावतो, आवर सुटतो आणि फिट येऊ लागतात. म्हणजे जाळी नुसतं कुंपण नाही, तारेवरच्या वेष्टनासारखं कामही ती करते. स्थैर्याची किंमत मोजूनच मेंदूला हा वेग मिळाला आहे, आणि जाळी ही केवळ शिकण्याच्या आड येणारी अडगळ मानणाऱ्यांनी हा प्रयोग विसरू नये.

आठवणींच्या बाबतीतही हेच दिसतं. उंदराच्या पिल्लाला एखाद्या आवाजाची भीती शिकवून नंतर तोच आवाज निरुपद्रवी करून दाखवला तर भीती पुसली जाते. प्रौढ उंदरात ती दबून राहते आणि पुन्हा उसळते. गोगोल्ला आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रौढ उंदरांच्या अमिग्डलातली, म्हणजे भीतीशी जोडलेल्या केंद्रातली, जाळी विस्कटली आणि भीती पिल्लासारखी पुसता आली. मात्र जाळी भीती शिकण्याआधी विस्कटलेली असेल तरच. जाळीच्या आत एकदा बसलेली आठवण नंतर जाळी तोडून निघत नाही. त्यामुळे जुन्या आघाताच्या आठवणींवर हे एन्झाइम रामबाण ठरेल ही आशा या प्रयोगातून निघत नाही, कुणी कितीही उत्साहाने सांगितलं तरी.

मज्जारज्जूच्या दुखापतीत मात्र आशेला जागा आहे. तिथल्या व्रणात कॉन्ड्रॉइटिनचे रेणू दाटून चेतातंतूंची वाट अडवतात. २००२ मध्येच ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी जखमी उंदरांना हेच एन्झाइम दिलं आणि त्यांच्या हालचाली काही अंशी परतल्या. अडचण एन्झाइमच्या नाजूकपणाची आहे. शरीराच्या उष्णतेत त्याची धार काही दिवसांतच बोथट होते, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं किंवा जनुकाच्या रूपात पोचवावं लागतं. आणि नुसतं एन्झाइम पुरत नाही. २००९ मध्ये गार्सिया-अलियास आणि सहकाऱ्यांनी एन्झाइम दिलेल्या उंदरांचे गट पाडले. एका गटाकडून पंजाने दाणा उचलण्याचा रोज सराव करून घेतला, त्यांचा पंजा लक्षणीय सुधारला. दुसऱ्या गटाला मोठ्या पिंजऱ्यात चढण्या-उतरण्याची मोकळीक दिली. ते शिडीवर चांगले चालू लागले, पण दाणा उचलण्यात ते कसलाच सराव न मिळालेल्या उंदरांच्याही मागे पडले.