नकारपत्र आणि न्यायालय

घरांतील मुलगा अथवा सून ऑस्ट्रेलियास जाण्याचें ठरविते, अभियंत्याच्या वा परिचारिकेच्या कसबावर तेथील कुशल स्थलांतराच्या व्हिसासाठीं अर्ज करिते, आणि एके दिवशीं नकाराचें पत्र येतें. मग वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "कोर्टांत जा, न्याय मिळेल." मिळेलही; परंतु कोणत्या गोष्टीचा न्याय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे; नाहीं तर पैसा आणि वर्षें दोन्ही वायां जातात.

मास्तराला ही गोष्ट परीक्षेच्याच भाषेंत सुचावयाची. उत्तरपत्रिका पुन्हां तपासणें निराळें. आणि पहिल्या परीक्षकानें ती नियमानें तपासली कीं एखादें उत्तर न वाचतांच शून्य दिलें, एवढेंच पाहणें निराळें. पहिलें काम तेथें न्यायाधिकरणाचें. तें अधिकाऱ्याच्या जागीं बसून सारा अर्ज नव्यानें पाहतें. न्यायालयाचें काम दुसरें. कायद्याचा अर्थ चुकला काय, अर्जदाराचें म्हणणें ऐकून घेतलें काय, निर्णय विवेकाला सोडून आहे काय, एवढेंच तें पाहतें. निकाल कठोर आहे, एवढ्यानें तें हात घालीत नाहीं. स्वतंत्र कुशल व्हिसासाठीं भारतांत बसून अर्ज करणाराला तर बहुधा न्यायाधिकरणाचें दारच उघडें नसतें. उरतें तें न्यायालय.

एक प्रकरण सांगतों. फेब्रुवारी २००७ मध्यें स्वयंपाकी म्हणून कुशल व्हिसा मागणाऱ्या एका तरुणीचा अर्ज जानेवारी २००९ मध्यें नाकारला गेला. तिच्या कौशल्याचा दाखला खोट्या माहितीवर मिळविलेला निघाला. ती माहिती पूर्वीच्या मध्यस्थानें दिली, असें तिचें म्हणणें होतें. (मध्यस्थावर सारी भिस्त ठेवणारांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.) न्यायाधिकरणापुढें दाद मागून तिनें नवा दाखला मिळविण्याचा यत्न केला. तोही नाकारला गेला. पण त्या निर्णयांत दाखला देणाऱ्या संस्थेच्याच दोन चुका आहेत व फेरविचार चालू आहे, तोंवर थांबावें, अशी विनंती तिच्या नव्या प्रतिनिधीनें जानेवारी २०१० मध्यें केली. आठवडाभरांत, २५ जानेवारीस, न्यायाधिकरणानें निकाल दिला. कारण काय? तर अर्जदारास पुरेशी संधी मिळाली आहे, आतां आणखी विलंब नको! जवळजवळ दोन वर्षें ज्या सरकारी खात्यानें अर्ज ठेवून घेतला, त्याच्या निर्णयाचा फेरविचार करणारांना थोडे दिवस जड व्हावेत, याचें मला नवल वाटतें.

तरुणी न्यायालयांत जिंकली. मंत्र्यांनीं अपील केलें, तें हरले. पुन्हां उच्च न्यायालयांत गेले, जें तेथील सर्वोच्च न्यायपीठ आहे. ८ मे २०१३ रोजीं पांचही न्यायमूर्तींनीं मंत्र्यांचें अपील फेटाळलें. सुनावणी पुढें ढकलण्याचा अधिकार कायद्यानें दिला, तो विवेकानेंच वापरला पाहिजे; न थांबण्याचें समर्थनीय कारण दिसत नाहीं, असा त्यांचा आशय. तथापि न्यायालयानें तिला व्हिसा दिला नाहीं, व तिचा स्वयंपाक चांगला कीं वाईट हेंही पाहिलें नाहीं. प्रकरण फेरनिर्णयास परत गेलें, एवढेंच. सहा वर्षांचा हा लढा!

अशी दाद मागण्याची वाट संसदेलाही सर्वस्वीं बंद करतां येत नाहीं. कारण ती तेथील राज्यघटनेच्या ७५ व्या कलमांत बांधलेली आहे. संसदेनें न्यायालयांचा हात आखडणारें कलम केलें होतें. २००३ सालीं उच्च न्यायालयानें त्याचा अर्थ असा लावला कीं अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेला निर्णय त्या कलमाच्या आश्रयास येतच नाहीं.

खर्चाचें मात्र लक्षांत ठेवावें: हरणाराला सामान्यतः सरकारचाही वकीलखर्च भरावा लागतो. आणि अर्जाची मुदत ३५ दिवसांची आहे. ती निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, पत्र घरीं पोंचून मंडळींनीं वाचल्यापासून नव्हे. न्यायाच्या हितासाठीं न्यायालय ती वाढवूं शकतें. पण त्यासाठीं कारणें देऊन निराळी लेखी मागणी करावी लागते.